नागरिकांना भिडणारे प्रश्न आणि युरोपीय संघाचे राजकारण : एका गृहीताची चिकित्सा

१

युरोपीय संघाच्या राजकारणात सामान्य नागरिकास रस वाटत नाही, ही तक्रार आता जुनी झाली आहे, आणि त्या तक्रारीवर सुचविला जाणारा उपायही जवळजवळ तितकाच जुना झाला आहे. उपाय असा सांगतात की, नागरिकांशी तह, संस्था, मतांचे भारांक आणि अधिकारविभागणी ह्यांविषयी बोलत बसू नये. त्यांच्या नळाचे पाणी, त्यांच्या ताटातील अन्न, त्यांच्या दूरध्वनीचे बिल अशा त्यांना प्रत्यक्ष भिडणाऱ्या प्रश्नांपासून आरंभ करावा, म्हणजे ते आपण होऊन राजकारणात उतरतील. ज्याचे जळते त्यालाच कळते, ही आपल्याकडील म्हण ह्या विचाराचे सार सांगते असे म्हणावयास हरकत नाही. प्रस्तुत लेखात ह्या उपायाच्या मुळाशी असलेले गृहीत तपासून पाहावयाचे आहे. तो उपाय सर्वस्वी खोटा आहे असे लेखकाचे म्हणणे नाही. परंतु तो जेथे फळाला आला तेथे तो सांगितल्या जाणाऱ्या कारणाने फळाला आला नाही, आणि जेथे त्याची सर्वांत अधिक गरज होती तेथे त्याला दारातच अडविण्यात आले, इतके मात्र दाखविता येईल असे वाटते.

तक्रारीस आधार आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९७९ साली युरोपीय संसदेची पहिली थेट निवडणूक झाली तेव्हा सुमारे ६२ टक्के मतदारांनी मतदान केले. त्यानंतर संसदेचे अधिकार प्रत्येक तहागणिक वाढत गेले आणि मतदान मात्र प्रत्येक निवडणुकीगणिक उतरत गेले. २०१४ मध्ये ते ४२.६ टक्क्यांवर आले आणि स्लोव्हाकियात तर अवघे १३ टक्के झाले. २०१९ आणि २०२४ ह्या दोन निवडणुकांत ते पुन्हा ५० टक्क्यांच्या किंचित वर चढले आहे. ह्या चढावरून कोणी फार मोठा निष्कर्ष काढू नये; तथापि उताराला शेवटच नाही असे जे म्हटले जात असे, तेही आता म्हणता येणार नाही.

मतदानाच्या उतारापेक्षाही अधिक मोठा धक्का २००५ साली बसला. संघाच्या संविधानात्मक तहाला २९ मे रोजी फ्रान्सने आणि १ जून रोजी नेदरलँड्सने सार्वमताने नकार दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युरोपीय आयोगाने लोकशाही, संवाद आणि चर्चा ह्यांची एक योजना जाहीर केली. नागरिकांचे ऐकावे आणि त्यांच्या दैनंदिन जीवनाशी संघाचा संबंध कसा आहे हे त्यांना दाखवून द्यावे, असा तिचा रोख होता. पुढे १ डिसेंबर २००९ पासून अमलात आलेल्या लिस्बन तहाने ह्या विचाराला कायद्याचे रूप दिले. पुरेशा सदस्य-राज्यांतील किमान १० लाख नागरिकांनी मागणी केल्यास आयोगास विधेयक मांडण्याविषयी आवाहन करता येईल, अशी तरतूद त्यात आली. हीच 'नागरिक-उपक्रमा'ची तरतूद होय. प्रस्तुत विवेचनाचा बराचसा भाग तिच्याभोवती फिरणार आहे, कारण 'भिडणाऱ्या प्रश्नां'च्या सिद्धान्ताची कसोटी लावावयास तिच्याइतके स्वच्छ साधन दुसरे नाही.

२

ह्या सिद्धान्ताचे तात्त्विक मूळ शोधू गेल्यास आपण जॉन ड्यूई ह्या अमेरिकन तत्त्वज्ञाच्या १९२७ सालच्या 'द पब्लिक अँड इट्स प्रॉब्लेम्स' ह्या ग्रंथापाशी येऊन पोहोचतो. दोन पक्षांत एखादा व्यवहार होतो आणि त्याचे परिणाम त्या दोघांपुरते न राहता तिऱ्हाइतांवर होऊ लागतात. असे परिणाम ज्यांना सोसावे लागतात आणि म्हणून ज्यांना त्यांचे नियमन व्हावेसे वाटते, त्यांचा समुदाय म्हणजे 'पब्लिक', अशी ड्यूईची मांडणी आहे. लोक आधी असतात आणि प्रश्न मागाहून येतात असे नव्हे. प्रश्न लोकांना घडवितात. युरोपीय संघाच्या अभ्यासकांना ही मांडणी प्रिय व्हावी हे स्वाभाविक आहे. युरोपला एक भाषा नाही, एक वृत्तपत्रसृष्टी नाही, एक इतिहासस्मृती नाही. तेव्हा 'युरोपीय लोक' कोठून आणावयाचे ह्या प्रश्नाला ड्यूईच्या ग्रंथात एक तयार उत्तर सापडते. समान परिणाम सोसणारे ते एक लोक होत.

परंतु ड्यूईचे हे अर्धेच म्हणणे झाले. ग्रंथाच्या उरलेल्या भागात त्याने जे लिहिले आहे ते अधिक अस्वस्थ करणारे आहे. परिणाम सोसणारे लोक आहेत, पण ते विखुरलेले आहेत, परिणामांचे कारण कोठे आहे हे त्यांना उमगत नाही, आणि म्हणून ते स्वतःला ओळखू शकत नाहीत. 'पब्लिक'ला ग्रहण लागले आहे, असे तो म्हणतो. सोसणे आणि ओळखणे ह्या दोहोंमध्ये अंतर आहे, आणि ते अंतर प्रश्न कितीही भिडणारा असला तरी आपोआप भरून निघत नाही. संघाच्या ध्येयधोरणांवर लिहिणारे बहुतेक लेखक ड्यूईचा पूर्वार्ध घेतात आणि उत्तरार्ध सोडून देतात, असे खेदाने म्हणावे लागते.

जाता जाता एक गोष्ट नमूद करण्याचा मोह आवरत नाही. ड्यूईचे शिष्य डॉ. आंबेडकर ह्यांनी महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह केला तो ह्याच १९२७ सालच्या मार्च महिन्यात. सालांचा हा योगायोग आहे आणि त्यावर कोणतीही इमारत उभारणे योग्य होणार नाही. तथापि 'सार्वजनिक' पाणवठा कायद्याने खुला असूनही ज्यांना तो बंद होता त्यांनी स्वतःला एक समुदाय म्हणून कसे ओळखले, हा प्रश्न मराठी वाचकास अपरिचित नाही. आणि पुढील विवेचनातही पाण्याचाच प्रश्न प्रमुख आहे. असो.

३

नागरिक-उपक्रमाचे नियम १ एप्रिल २०१२ पासून लागू झाले. १० लाख सह्या बारा महिन्यांत जमवावयाच्या. त्या किमान एक-चतुर्थांश सदस्य-राज्यांतून, म्हणजे सात राज्यांतून, आल्या पाहिजेत. आणि अशा प्रत्येक राज्यात त्याच्या आकारमानानुसार ठरलेली किमान संख्या गाठली पाहिजे. एवढे केल्यावर आयोगावर उत्तर देण्याचे बंधन येते. विधेयक मांडण्याचे बंधन मात्र येत नाही.

ह्या कसोटीस उतरलेला पहिला उपक्रम पाण्याविषयीचा होता. सार्वजनिक सेवांतील कामगार संघटनांच्या युरोपीय महासंघाने तो मे २०१२ मध्ये नोंदविला. पाणी व मलनिस्सारण हा कायद्याने मानवी हक्क मानावा, पाणीपुरवठा अंतर्गत बाजारपेठेच्या नियमांबाहेर ठेवावा, आणि जगातील इतर देशांत पाणी पोहोचविण्यासाठी संघाने अधिक प्रयत्न करावा, अशा त्याच्या मागण्या होत्या. तपासणीअंती १६,५९,५४३ सह्या वैध ठरल्या आणि तेरा राज्यांत किमान संख्या गाठली गेली. भिडणाऱ्या प्रश्नांच्या सिद्धान्ताचा विजय म्हणून ह्या उपक्रमाचा दाखला सर्वत्र दिला जातो. पाणी सर्वांनाच लागते. म्हणून सर्व युरोपातून लोक उठले, असे त्याचे वर्णन केले जाते.

ते वर्णन आकड्यांपुढे टिकत नाही. वैध सह्यांपैकी सुमारे पाऊण हिस्सा एकट्या जर्मनीतून आला होता. त्याहून लक्षणीय गोष्ट ही की, किमान संख्या न गाठणाऱ्या राज्यांत ब्रिटन आणि फ्रान्स हे दोघेही होते. त्या वेळी ब्रिटन संघाचा सदस्य होता. आणि इंग्लंड व वेल्समधील पाणीपुरवठा १९८९ मध्येच संपूर्णपणे खाजगी कंपन्यांच्या हाती गेलेला होता. फ्रान्समध्ये जगातील दोन सर्वांत मोठ्या खाजगी पाणी-कंपन्यांची घरे आहेत, आणि पॅरिस नगरपालिकेने २०१० साली आपला पाणीपुरवठा खाजगी मक्तेदारांकडून परत स्वतःकडे घेतलेला होता. खाजगीकरणाचे परिणाम ज्यांनी वीस-पंचवीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ प्रत्यक्ष सोसले ते थंड राहिले. ज्या जर्मनीत पाणी बहुतांशी नगरसंस्थांच्याच हाती सुरक्षित होते तेथील लोक पेटून उठले. परिणाम सोसल्याने लोक राजकारणात येतात हे जर खरे असते, तर आकड्यांचा क्रम ह्याच्या नेमका उलट असावयास हवा होता.

मग जर्मनीतच हे का घडले? ह्याची उत्तरे पाण्यात नाहीत, राजकारणात आहेत. पहिले उत्तर बर्लिनमध्ये सापडते. बर्लिन नगराने १९९९ साली आपल्या पाणीपुरवठा कंपनीचा जवळजवळ अर्धा वाटा दोन खाजगी कंपन्यांना विकला आणि त्या व्यवहाराचे करारनामे गुप्त ठेवले. ते उघड करावेत ह्या मागणीसाठी नागरिकांनी १३ फेब्रुवारी २०११ रोजी सार्वमत घडवून आणले. सुमारे ६ लाख ६६ हजार लोकांनी होकार दिला. झालेल्या मतदानाच्या ९८ टक्क्यांहून अधिक मते होकाराची होती. त्यानंतर २०१२ व २०१३ मध्ये नगराने दोन्ही वाटे परत विकत घेतले. म्हणजे पाण्याच्या प्रश्नावर मागणी केली असता ती पुरी होते, असा ताजा अनुभव जर्मन मतदाराच्या गाठीशी होता. येथे मागणी कोणाकडे करावयाची हे स्पष्ट होते, प्रतिपक्ष स्पष्ट होता आणि मतपेटीतून निघणाऱ्या निकालाला वजन होते.

दुसरे उत्तर ब्रुसेल्समधील एका विधेयकात आहे. आयोगाने डिसेंबर २०११ मध्ये सार्वजनिक सेवांच्या मक्त्यांविषयीचा एक निदेश प्रस्तावित केला होता आणि त्यात पाणीही येत होते. ज्या नगरसंस्थांच्या पाणी-कंपन्यांत खाजगी भागीदार होते, त्यांना ह्या निदेशामुळे आपला पुरवठा खुल्या निविदांना मोकळा करावा लागेल, अशी भीती जर्मन नगरसंस्थांना वाटली. आरंभी ही भीती महापौर आणि अभियंते ह्यांच्यापुरतीच होती. २०१३ च्या आरंभी टेलिव्हिजनवरील एका राजकीय विनोदाच्या कार्यक्रमात तिची टर उडविण्यात आली, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत सह्यांचा ओघ सुरू झाला. शिवाय त्या वर्षी सप्टेंबरमध्ये जर्मनीत सार्वत्रिक निवडणुका व्हावयाच्या होत्या, आणि कोणत्याही पक्षाला पाणी विकणारा म्हणून मतदारांपुढे जावयाचे नव्हते.

आता तारखा पाहाव्यात. अंतर्गत बाजारपेठेचे आयुक्त मिशेल बार्निए ह्यांनी मक्त्यांच्या निदेशातून पाणी वगळण्याचा निर्णय जून २०१३ मध्ये जाहीर केला. नागरिक-उपक्रमाच्या सह्या आयोगाकडे औपचारिकपणे सादर झाल्या त्या डिसेंबर २०१३ मध्ये. म्हणजे उपक्रमाला जो खरा विजय मिळाला तो उपक्रमाची विहित कार्यवाही सुरू होण्याच्या सहा महिने आधीच मिळालेला होता. तो रस्त्यावरील, नगरसभांतील आणि राष्ट्रीय निवडणुकीच्या दडपणाचा विजय होता. विहित मार्गाने जे उत्तर मिळाले ते मार्च २०१४ मध्ये. त्यात आयोगाने उपक्रमाचे स्वागत केले, पिण्याच्या पाण्याविषयी जाहीर विचारणा करण्याचे आश्वासन दिले, आणि पाण्याचा हक्क कायद्यात लिहिण्याविषयीचे विधेयक मात्र मांडले नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये युरोपीय संसदेने ठरावाद्वारे ह्या उत्तराबद्दल नापसंती व्यक्त केली. पुढे डिसेंबर २०२० मध्ये पिण्याच्या पाण्याचा सुधारलेला निदेश संमत झाला व त्यात दुर्बल घटकांस पाणी मिळावे म्हणून राज्यांनी उपाय योजावेत असे कलम आले. नोंदणीपासून ह्या कलमापर्यंत आठ वर्षांहून अधिक काळ लोटला होता. त्याचे श्रेय उपक्रमास देणे न्याय्यच आहे. पण एवढ्या अवधीत तो जनसमुदाय कोठे गेला होता, हे विचारल्यावाचून राहवत नाही.

तेव्हा ह्या उदाहरणाचा बोध सर्वत्र सांगितला जातो त्याहून वेगळा घ्यावा लागतो. प्रश्न भिडला म्हणून नागरिक आले हे खरे. पण तो 'भिडला' तो नळातून नव्हे. आपल्या हातून काही काढून घेतले जात आहे, ते कोण काढून घेत आहे आणि ते कोठे अडविता येईल, हे तिन्ही एकदम दिसले तेव्हा तो भिडला. ड्यूईच्या भाषेत बोलावयाचे तर, ग्रहण सुटले ते मुख्यतः नगरसंस्था आणि राष्ट्रीय राजकारण ह्यांच्या प्रकाशात.

४

पाण्याच्या उपक्रमाची नोंद झाली त्याच वर्षी दुसरा एक उपक्रम नोंदणीसाठी आला होता. त्याचा उल्लेख गौरवाने कोणी करीत नाही. ग्रीसमधील एका नागरिकाने तो सादर केला होता. एखादे राज्य कर्जाच्या ओझ्याने अशा अवस्थेस पोहोचले की त्याच्या अस्तित्वासच धोका निर्माण व्हावा, तर त्या कर्जाची फेड नाकारता येईल, असे तत्त्व संघाच्या कायद्यात यावे, ही त्याची मागणी होती. सप्टेंबर २०१२ मध्ये आयोगाने ह्या उपक्रमाची नोंदणीच नाकारली, कारण असे विधेयक मांडण्याचा अधिकार तहांनी आपणास दिलेला नाही, असे आयोगाचे मत होते. प्रकरण संघाच्या न्यायालयांत गेले; २०१५ मध्ये पहिल्या न्यायालयाने आणि २०१७ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने आयोगाचाच निर्णय कायम केला.

कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय बरोबर होता की नाही, ह्या वादात येथे शिरावयाचे कारण नाही. तो बरोबर होता असेच धरून चालू. तरीही सिद्धान्ताच्या दृष्टीने त्याचा अर्थ फार गंभीर आहे. २०१२ साली ग्रीसच्या नागरिकास सर्वाधिक भिडणारा प्रश्न कोणता होता? वेतन, निवृत्तिवेतन, औषधे, नोकरी ह्या सर्वांना व्यापून राहिलेला कर्जाचा प्रश्न. त्या प्रश्नावर एकही सही गोळा होण्यापूर्वीच दार बंद झाले. नागरिक-उपक्रम तहांची अंमलबजावणी करण्यासाठी आहे, तहांत बदल सुचविण्यासाठी नाही. आणि नागरिकाच्या जीवनावर ज्यांचा सर्वांत खोल परिणाम होतो त्या गोष्टी, म्हणजे चलन, अंदाजपत्रकी तुटीच्या मर्यादा, मध्यवर्ती बँकेचे स्वातंत्र्य, ह्या नेमक्या तहांत बांधून टाकलेल्या आहेत. म्हणजे प्रश्न जितका अधिक भिडणारा तितका तो नागरिकापासून अधिक दूर, असा उलटा हिशेब येथे दिसतो. ग्रीक मतदारांनी ५ जुलै २०१५ रोजी सार्वमतात धनकोंच्या अटींना ६१ टक्के मतांनी नकार दिला, आणि त्याच महिन्याच्या १३ तारखेस त्यांच्या सरकारने कठोर अटींवरील नवा करार स्वीकारला. ह्या आठ दिवसांनी सामान्य नागरिकाला संघाविषयी जे शिकविले ते आयोगाच्या कोणत्याही संवाद-योजनेने पुसले जाणारे नाही.

मग दारातून आत सोडले जाणारे प्रश्न कोणते असतात? मोबाइल दूरध्वनीच्या परदेशातील जादा दराचा प्रश्न हे त्याचे नमुनेदार उदाहरण होय. २००७ पासून हे दर क्रमाने उतरविण्यात आले आणि १५ जून २०१७ रोजी ते संघाच्या हद्दीत संपुष्टात आले. प्रवाशाला त्याचा लाभ झाला हे निर्विवाद. परंतु ह्यात नागरिक कोठे होता? येथे होता तो ग्राहक. फ्रिट्झ शार्फ ह्या जर्मन राज्यशास्त्रज्ञाने अधिमान्यतेचे जे दोन प्रकार सांगितले आहेत, लोकांच्या सहभागाने येणारी आणि कारभाराच्या फलश्रुतीने येणारी, त्यांपैकी ही निव्वळ दुसऱ्या प्रकारची. तिला सहभागाचे यश म्हणून मिरविणे हा वर्गीकरणातील दोष आहे, आणि तो परीक्षेच्या उत्तरपत्रिकांपेक्षा अधिकृत पुस्तिकांत अधिक आढळतो.

घड्याळाचा प्रश्न ह्याहून मनोरंजक आहे, आणि शेवटी अधिक क्लेशदायक. वर्षातून दोनदा घड्याळे मागे-पुढे करण्याची उन्हाळी वेळेची प्रथा बंद करावी की काय, ह्याविषयी आयोगाने जुलै-ऑगस्ट २०१८ मध्ये जाहीर विचारणा केली. ४६ लाख उत्तरे आली. कोणत्याही विचारणेला इतकी उत्तरे पूर्वी कधी आली नव्हती. ८४ टक्के लोकांनी प्रथा बंद करावी असे सांगितले. येथेही सुमारे ७० टक्के उत्तरे जर्मनीतील होती, ही गोष्ट फारशी कोणी बोलून दाखविली नाही. आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष युंकर ह्यांनी लोकांना हवे आहे तर आपण ते करू, अशा आशयाची घोषणा केली आणि सप्टेंबरमध्ये प्रस्तावही मांडला. मार्च २०१९ मध्ये संसदेने तो ४१० विरुद्ध १९२ मतांनी मान्य केला. २०२१ मध्ये घड्याळांचा शेवटचा बदल व्हावा असे ठरले. ह्यानंतर प्रस्ताव सदस्य-राज्यांच्या मंत्रिपरिषदेपुढे गेला आणि तेथेच राहिला. प्रत्येक राज्याने कोणती वेळ कायम धरावी ह्याविषयी मतैक्य झाले नाही. २०२१ आले आणि गेले; मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे पूर्वीप्रमाणेच फिरविली जात राहिली.

एरवी हा प्रकार विनोदी वाटला असता. पण ४६ लाख लोकांपैकी बहुतेकांनी बहुधा आयुष्यात प्रथमच संघाच्या एखाद्या प्रश्नास उत्तर दिले होते. त्यांना 'तुमचे ऐकले' असे सांगण्यात आले, आणि मग कोणीही 'नाही' असे न म्हणता गोष्ट थांबली. स्पष्ट नकार मिळाला असता तर त्याविरुद्ध उभे तरी राहता आले असते. मंत्रिपरिषदेतील मौनाविरुद्ध कोठे उभे राहावयाचे? पिंजऱ्यातील पशुपालन बंद करावे ह्या मागणीच्या सुमारे १४ लाख सह्यांच्या उपक्रमासही हाच अनुभव आला. जून २०२१ मध्ये आयोगाने २०२३ च्या अखेरीपर्यंत विधेयक आणण्याचे वचन दिले आणि ते वर्ष विधेयकावाचून संपले.

५

येथवरच्या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येण्यासारखा आहे, आणि तो अँड्र्यू मोराव्हचिक ह्या अमेरिकन अभ्यासकाच्या लिखाणातून समर्थपणे मांडला गेला आहे. संघ ज्या विषयांचा कारभार पाहतो, व्यापाराचे नियम, मालाचे दर्जे, चलनाची व्यवस्था, ते मुळातच सामान्य मतदाराच्या आस्थेचे विषय नव्हेत. शिक्षण, आरोग्य, निवृत्तिवेतन हे आस्थेचे विषय राष्ट्रांकडेच आहेत. तेव्हा संघाच्या राजकारणात लोक येत नाहीत ह्यात नवल नाही आणि दोषही नाही, असा त्याचा आशय. ह्या युक्तिवादात जोम आहे. परंतु तो प्रामुख्याने कर्जसंकटाच्या पूर्वीचा आहे. २०१० नंतर निवृत्तिवेतन कोठे ठरते हे ग्रीस, पोर्तुगाल आणि आयर्लंड येथील नागरिकास विचारल्यास वेगळे उत्तर मिळेल. आणि त्यापूर्वीचीही एक गोष्ट ह्या युक्तिवादात बसत नाही. २००४ मध्ये युरोपीय संसदेसाठी फ्रान्समध्ये सुमारे ४३ टक्के मतदान झाले. पुढच्याच वर्षी संविधानात्मक तहावरील सार्वमतात तेथे ६९ टक्के मतदान झाले. प्रश्न तोच, संघाचाच; किंबहुना शेकडो कलमांचा तो तह म्हणजे सामान्य माणसास न भिडणाऱ्या विषयाचा कळसच. तरी लोक आले, कारण ह्या वेळी त्यांच्या 'नाही'ला अर्थ होता.

हीच गोष्ट २०१२ मध्ये उलट बाजूने दिसली. 'ॲक्टा' ह्या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या, नकली माल व बौद्धिक संपदा ह्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराविरुद्ध त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत पोलंडमध्ये आणि नंतर इतरत्र तरुणांनी मोठी निदर्शने केली. करार क्लिष्ट होता आणि त्याचे परिणाम अद्याप कोणीच सोसलेले नव्हते. पण लिस्बन तहामुळे अशा कराराला नकार देण्याचा अधिकार युरोपीय संसदेस मिळालेला होता. ४ जुलै २०१२ रोजी तिने तो ४७८ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळला. व्यापारविषयक करार फेटाळण्याचा तिचा हा पहिलाच प्रसंग. लोकांना येथे एक असे सभागृह सापडले होते की ज्याच्या सदस्यांना पत्रे लिहून, त्यांच्या दारात उभे राहून, 'नाही' म्हणावयास लावता येत होते. तेच सभागृह स्वतः होऊन विधेयक मांडू शकत नाही. म्हणून त्याच्या दारात 'हो' मागावयास कोणी जात नाही.

आयरिश राज्यशास्त्रज्ञ पीटर मेअर ह्याने २००७ साली लिहिलेल्या एका निबंधात ह्या सर्वांची किल्ली आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. राजकीय विरोध तीन प्रकारचा असू शकतो, सरकारच्या धोरणास, सरकारला, आणि राज्यव्यवस्थेलाच. पहिल्या दोहोंस जेथे जागा नसते तेथे तिसरा उद्भवतो. संघात नागरिक एखाद्या धोरणकर्त्यास पदच्युत करू शकत नाही. म्हणून तो संघालाच विरोध करू लागतो, हे मेअरचे निदान. २३ जून २०१६ च्या ब्रिटिश सार्वमतात ७२ टक्के मतदान झाले आणि ५१.९ टक्के मतांनी संघ सोडण्याचा निर्णय झाला, तेव्हा मेअर हयात नव्हता. जेथे पाण्याच्या उपक्रमावर किमान सह्याही जमल्या नव्हत्या त्याच देशातील हे मतदान आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मे २०२१ ते मे २०२२ ह्या वर्षभरात भरलेल्या युरोपच्या भवितव्यावरील परिषदेने ह्या अडचणीतून वाट काढण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला, हे नाकारणे अन्यायाचे होईल. सोडतीने निवडलेल्या ८०० नागरिकांनी चार गटांत बसून, दुभाष्यांच्या मदतीने, आपापल्या भाषांत चर्चा केली; त्यांतील एक-तृतीयांश तरुण होते. नागरिकांना भिडणारे प्रश्न त्यांच्याच तोंडून काढण्याचा ह्याहून नेटका मार्ग सुचविणे कठीण आहे. मात्र परिषदेच्या अखेरीस आलेल्या ४९ प्रस्तावांपैकी काहींना तहांत दुरुस्ती लागणार होती. ज्या दिवशी, ९ मे २०२२ रोजी, अहवाल सादर झाला त्याच दिवशी तेरा सदस्य-राज्यांच्या सरकारांनी तह-दुरुस्तीची घाई नको असे संयुक्त निवेदन काढले. संसदेने त्यापुढील महिन्यात दुरुस्तीसाठी खास अधिवेशन बोलावण्याची मागणी केली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये दुरुस्त्यांचा मसुदाही संमत केला. राष्ट्रप्रमुखांनी तो हाती घेतला नाही. ८०० नागरिक तोपर्यंत आपापल्या घरी गेलेले होते, आणि सोडतीने निवडलेल्या माणसास मतदारसंघ नसतो.

ह्या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सह्यांच्या एकूण बेरजांवर विसंबू नये, राज्यवार कोष्टके नगरपालिकांच्या निर्णयांशेजारी ठेवून वाचावीत. तसे वाचू गेल्यास अनेकदा संघाच्या कोणत्याही तरतुदीत न बसणारे प्रसंग अधिक बोलके ठरतात. ग्रीसला कर्ज देताना सार्वजनिक मालमत्ता विकण्याची अट होती आणि विकावयाच्या यादीत थेस्सालोनिकी शहराची पाणी-कंपनी होती. तेथील नागरिकांनी १८ मे २०१४ रोजी, नगरपालिकेच्या निवडणुकीच्या दिवशी, मतदानकेंद्रांच्या बाहेर स्वतःच्या पेट्या मांडून सार्वमत घेतले. सरकारने ते बेकायदा म्हणून थांबविण्याचा प्रयत्न केला होता. २,१८,००२ लोकांनी त्यात मत दिले आणि त्यांपैकी ९८ टक्के विक्रीच्या विरुद्ध होते. एका आठवड्याने, २५ मे रोजी, त्याच केंद्रांवर युरोपीय संसदेची निवडणूक झाली. ह्या खेपेस पेट्या आत होत्या आणि मतपत्रिकांवर पक्षांच्या याद्या होत्या.